खोट्या खिडकीची रेघ

मोजणीदार तिसऱ्यांदा जिना चढून वर गेला, तेव्हा ऑलिव्हने थंड मटणावर पुन्हा जाळी ठेवली आणि खुर्चीत बसून घेतलं. घर विकायला काढायचं ते काढा, पण निदान जेवणाची वेळ तरी टाळा, असं तिच्या मनात आलं. बोलली मात्र नाही. या घरात तिला बोलायची सवय कुणी फारशी लावलीच नव्हती.

आई जाऊन दीड महिना झाला होता. ट्रॅव्हर्स रो नावाच्या घरांच्या रांगेतलं सहा नंबरचं घर तिघांच्या नावावर आलं होतं: थोरला लायनेल, मधली ऑलिव्ह, धाकटी म्युरिअल. त्यातल्या दोघांना ते विकायचं होतं आणि तिसरी त्यात राहत होती. रांगेतली सात आणि आठ नंबरची घरं गिळून बसलेल्या हॉटेलवाल्याला आता सहा नंबर हवं होतं. वर मोजायची फीत घेऊन फिरणारे मिस्टर स्पर्वे त्याचेच. ऑलिव्हला बावन्न वर्षं झाली होती. लग्न नाही, नोकरी नाही. आईची उस्तवार हीच तिची नोकरी, आणि ती आईबरोबरच संपली. घर गेलं की तिने जायचं कुठे, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि सकाळपासून लायनेल आणि म्युरिअल तो बीटच्या लोणच्याच्या बरणीसारखा एकमेकांकडे सरकवत होते.

"रेडिंगला म्युरिअलकडे तू मजेत राहशील," लायनेल म्हणाला. "हा समुद्राचा वारा तुला मानवत नाही."

"बावन्न वर्षं मानवलाय," ऑलिव्ह म्हणाली.

"तिच्याकडे बाग आहे."

"कसली बाग?" म्युरिअलने काटा खाली ठेवला. "दोन गुलाब आणि एक कोळशाची खोली. बाग तुझ्याकडे एक्सेटरला आहे, लायनेल. आणि मागची खोली तर रिकामीच पडलीय."

"रिकामी? बियाण्यांची पोती आहेत तिच्यात."

"पोती हलवता येतात."

"तुझ्या नवऱ्याकडे दात उपटून घ्यायला आलेले लोक पण हलवता येतात की. वरच्या मजल्यावर त्यांना बसवायची गरज काय?"

आपल्याविषयी बोलणं चाललं असताना आपण मटणाकडे बघत बसावं, की कुणाची तरी बाजू घ्यावी, हे ऑलिव्हला समजेना. लायनेलची बाजू घ्यावी तर म्युरिअलकडे जावं लागणार, म्युरिअलची घ्यावी तर पोत्यांत. शेवटी तिने स्वतःसाठी चहा ओतला.

तेवढ्यात मिस्टर स्पर्वे खाली आले. गोलमटोल गृहस्थ, सर्दीने नाक लाल झालेलं. त्यांनी फीत खिशात कोंबली, पुन्हा बाहेर काढली आणि केकच्या ताटलीकडे बघत म्हणाले, "माफ करा, पण तुमच्या घरात एक खोली जास्त आहे."

"जास्त?" लायनेल खूश झाला. "मग किंमत वाढली पाहिजे."

"जास्त म्हणजे, असायला नको तिथे आहे. मी त्या खोट्या खिडकीपासून मोजलं."

आता खोटी खिडकी म्हणजे या रांगेचं दुखतं बोट. ही रांग बांधणाऱ्याने बारा घरं समोरून एक राजवाडा वाटावीत असा घाट घातला होता. मधल्या दोन घरांवर मोठा त्रिकोणी मुकुट, दोन्ही टोकांना खांब, आणि मधे खिडक्यांची अगदी सारखी ओळ. पण दोन घरांच्या मधल्या सामाईक भिंतीवर खिडकी येणार कशी? मग त्याने तिथे नुसता कोनाडा केला, आत गिलावा दिला आणि त्यावर काळ्या रंगात काच आणि पांढऱ्या रंगात चौकट काढून घेतली. लांबून बघणाऱ्याला खरी खिडकी वाटते. रोचा नियम असा की दर पाच वर्षांनी सगळ्या घरांनी दर्शनी भिंतीला एकच सायीचा रंग द्यायचा, आणि खोटी खिडकी दोन शेजाऱ्यांनी मिळून रंगवायची. ऑलिव्हच्या वडिलांनी आणि पाच नंबरमधल्या ह्युबर्टकाकांनी ती मिळून रंगवणं सोडून दिलं. सख्खे भाऊ, पण भांडले. आजोबांच्या घड्याळावरून, असं लायनेल सांगायचा. ह्युबर्टकाकांची बायको कॉनीकाकू, तिच्या जिभेवरून, असं आई सांगायची. कारण काही असो, वडिलांनी एके दिवशी शिडी लावली, कोनाड्याच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला, बरोबर मधोमध रेघ ओढली आणि आपली अर्धी खिडकी रंगवून खाली उतरले. भावाला केसभरही फुकट रंगवून द्यायचं नव्हतं त्यांना. तेव्हापासून रांगेतल्या या एका खिडकीचा डावा भाग निळसर काळा आणि उजवा तपकिरी काळा होता, आणि समोरून फिरायला जाणारे पाहुणे त्याकडे बोट दाखवून हसायचे.

"इतकी नेमकी रेघ मी आजवर पाहिली नाही," मिस्टर स्पर्वे म्हणाले. "म्हणून तिच्यापासूनच सगळं मोजलं. तळमजला बरोबर. पहिला मजला बरोबर. दुसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला एक खोली आहे, ती रेघेच्या पलीकडे जाते. थोडी नाही, अख्खी."

"ती माझी खोली," ऑलिव्ह म्हणाली.

मग सगळे एकदम बोलू लागले.

लायनेलचं म्हणणं, फीत ओली झाली असेल. म्युरिअलचं म्हणणं, रेघ डाव्या बाजूला तिरपी असेल. मिस्टर स्पर्वे म्हणाले, डावी कुणाची? रस्त्यावरून बघणाऱ्याची की घरातून बघणाऱ्याची? म्युरिअल म्हणाली, डावी म्हणजे डावी. लायनेल टोपी न घालताच रस्त्यावर गेला, मुकुटाखाली उभा राहून वर बघितलं, एक हात पुढे करून स्वतःभोवती वळला आणि परत येऊन म्हणाला, "समोरून काहीच कळत नाही." खरंच होतं. समोरून काही कळू नये म्हणूनच तर एवढा खर्च केलेला. सगळा घोळ मागे. समोर राजवाडा आणि मागे खुराडं, अशी रोची रीत: कुणी न्हाणीघर चिकटवलेलं, कुणी जिन्यावर खोली काढलेली, कुणाची चिमणी कुणाच्या अंगणात. ऑलिव्हची खिडकी थेट कॉनीकाकूच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर उघडायची. आईने तिला जाळीचा पडदा टाचून ठेवला होता. घरं मागून एकमेकांवर रेललीत, एवढंच त्यावर सगळ्यांचं मत होतं.

सगळे वर गेले. खोलीच्या दाराशी मिस्टर स्पर्वे थबकले आणि चौकटीत आडवा हात ठेवून उभे राहिले. ते दार पहिल्यापासून विचित्र होतं. चौकट इतकी खोल की लहानपणी वीज कडाडली की तिघं भावंडं तिच्यात उभी राहायची, आणि दार लावलं तरी तिघं मावायची. आई तिला कपाट म्हणायची.

"हे दार नाही," मिस्टर स्पर्वे म्हणाले. "हे भगदाड आहे. सामाईक भिंत ही इथे आहे, दोन विटांची, आणि कुणीतरी ती फोडून आरपार वाट काढलीय. दोन्ही घरं कधी एकाच माणसाची होती?"

"आजोबांची," लायनेल कुरकुरत म्हणाला.

"मग पलीकडची भिंत कसली?" त्यांनी पलंगाच्या डोक्याशी जाऊन बोटांनी ठोकलं. पोकळ आवाज आला. त्या आवाजामागून बॅण्डचे सूर येत होते, अगदी स्पष्ट.

"कॉनीकाकूंचा रेडिओ," ऑलिव्ह म्हणाली. "रोज असतो." आईने घरात रेडिओ कधी येऊ दिला नाही. युद्ध सुरू झाल्याचं, संपल्याचं, राजा गेल्याचं, सगळं ऑलिव्हला याच भिंतीला कान लावून कळलं होतं. ते आत्ता सांगण्यासारखं नव्हतं.

"दोन विटांच्या भिंतीतून शिंकसुद्धा ऐकू यायची नाही," मिस्टर स्पर्वे म्हणाले आणि शिंकले. "या नुसत्या फळ्या आहेत. वर कागद चिकटवलाय." त्यांनी पुन्हा जोरात ठोकलं.

"कोण ते?" भिंत ओरडली. "बॅण्ड चाललाय! ठोकायचं असेल तर सभ्य माणसासारखं दारावर ठोका!"

म्युरिअल मागे सरून लायनेलच्या पायावर उभी राहिली. रेडिओ बंद झाला. मग काठीचा आवाज लांब लांब जात गेला, जिना उतरला आणि नाहीसा झाला.

"ती येतेय," लायनेल म्हणाला. "खाली उतरून, रस्त्यावरून, पुन्हा वर. ऐक, ती यायच्या आत आपण तिघांनी एक बोलायचं. ही खोली आपली. चाळीसच्या वर वर्षं वहिवाट आहे. कायद्याने आपलीच झाली."

"वहिवाट असेल तर हो," मिस्टर स्पर्वे म्हणाले. "परवानगीने राहिलेल्या माणसाची वहिवाट लागत नाही. आणि वाद असलेली खोली हॉटेल घेत नाही, तिच्याबरोबरचं घरही नाही."

"परवानगी? कॉनीकाकूची?" म्युरिअल हसली. "ती स्वतःच्या छत्रीची सावलीसुद्धा कुणाला द्यायची नाही. आई काय उगाच बोलायची?"

पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचे लचके तोडणारी ही दोघं आता खांद्याला खांदा लावून उभी होती. ऑलिव्ह पलंगावर बसली. तिचं डोकं चालेना. आई कॉनीकाकूच्या कोंबडीचं अंडं घरात घ्यायची नाही, काकूच्या अंगणातून उडून आलेला रुमाल चिमट्याने उचलून परत टाकायची, आणि आपण इतकी वर्षं रात्री गाऊन घालून, दिवा घेऊन, त्या खोल चौकटीतून रोज काकूच्या घरात झोपायला जात होतो? आईला हे ठाऊक होतं? ठाऊक नसणं कसं शक्य आहे? आणि ठाऊक होतं तर मग तो चिमटा कशासाठी? तिला आईचा राग आला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच आईची आठवण येऊन रडूही आलं. दोन्ही एकदम आलं, म्हणून तिने दोन्ही गिळलं.

कॉनीकाकू, म्हणजे कॉन्स्टन्स हॅलेट, वय एक्क्याऐंशी, नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घालून जिना चढून आल्या. म्युरिअलने पुढे केलेला हात त्यांना दिसला नाही. त्या खोल चौकटीत थांबल्या, दम घेतला, खोलीभर नजर फिरवली.

"पडदा फारच वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"काकू, बसा ना," लायनेलने खुर्ची ओढली. आवाजात त्याने बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना लावायचं सगळं लोणी ओतलं. "एक अगदी किरकोळ गोष्ट आहे. या गृहस्थांचा थोडा गोंधळ झालाय. त्यांना वाटतं की ही खोली..."

"माझी आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या घरात खोल्या किती, ते मला माहीत नसेल?"

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?" म्युरिअल म्हणाली.

"बोलणार कशी? तुझ्या आईशी अबोला होता ना माझा." काकूंनी खुर्चीत बसून काठी शेजारी टेकवली आणि पलंगाकडे बघितलं. ऑलिव्हकडे नाही, पलंगाकडे. "ही पोरांची खोली. दोन्ही घरं मिळून पोरांची एकच. मला पोरं झाली नाहीत, पण खोली माझ्या बाजूला होती. सासरे गेले, भावांनी वाटण्या केल्या, आणि भिंत बुजवायची ठरली. गवंडी विटा घेऊन या इथे उभा. सुतारही खाली येऊन बसलेला. आणि त्याच आठवड्यात या पोरीला घटसर्प झाला."

"मला?" ऑलिव्ह म्हणाली.

"सात वर्षांची होतीस. श्वास असा वाजत होता की खाली ऐकू यायचा. डॉक्टरने सांगितलं, हलवायचं नाही, उचललंत तर गेली. ह्युबर्ट म्हणाला, गवंड्याचा दिवस फुकट जातोय, घोंगडीत गुंडाळा आणि पलीकडे न्या. तुझा बाप म्हणाला, न्या. दोघं कशावर एकमत होत नव्हते, त्या एका गोष्टीवर झाले. तुझी आई या चौकटीत बसून रडत होती. मग मी म्हटलं, वाटणी कुठे पळून जातेय? भिंत पोरीच्या त्या बाजूने घाला. माझ्या अंगाला फळ्या मारा. बरी होईपर्यंत राहू दे तिला. बरी झाली की हे दार बुजवा आणि माझी खोली मला द्या."

मिस्टर स्पर्वेंनी नाक पुसलं.

"याला काही पुरावा?" म्युरिअल म्हणाली. बाई हटणारी नव्हती. "कुणीही काहीही म्हणेल. आईने तर आम्हाला सांगितलं की काकूने अर्धं घर ढापलं."

"सुताराला निरोप द्यायला मी या लायनेललाच पाठवलं होतं."

सगळ्यांनी लायनेलकडे बघितलं. तो खिडकीच्या पडद्यातली टाचणी काढत होता.

"लायनेल," म्युरिअल हळूच म्हणाली, "आठवत नाही म्हण."

तेवढं म्हटलं की झालं असतं. खोली वहिवाटीने त्यांची, हॉटेलवाल्याची सही, आणि रात्रीच्या गाडीने एक्सेटर. ऑलिव्हला भावाची मान मागून दिसत होती, लाल आणि जाड. तो नाहीच म्हणणार, असं तिला वाटलं, आणि त्याबद्दल तिने त्याला आधीच माफ करून टाकलं. त्याला तीन मुलं होती.

"सुताराने मला रंध्यातून निघालेली लाकडाची साल दिली होती," लायनेल म्हणाला. "ही एवढी लांब. मी ती कानाला अडकवली." तो वळला. "विसरू नये म्हणून जिनाभर तेच घोकत गेलो होतो. 'बरी होईपर्यंत, बरी होईपर्यंत.' मला वाटायचं, मी एक शब्द चुकवला तर ऑलिव्ह मरेल."

"शाब्बास," म्युरिअल म्हणाली. "आता हॉटेलचे पैसे विसर आणि बियाण्यांची पोतीच वाहत बस."

ऑलिव्ह भावाकडे बघत राहिली. त्याच्याविषयी तिला एवढी माया वाटली की तिचीच तिला लाज वाटली. त्याने हे आजवर सांगितलं का नाही, ते मात्र तिला कळलं नाही. त्यालाही कळलेलं दिसत नव्हतं.

पण म्युरिअलचं डोकं मोकळं झालं होतं. तिने पटकन बाजू बदलली आणि खुर्चीच्या हातावर काकूंजवळ टेकली. "मग तर सोपंच आहे, काकू. परवानगी होती, ती संपली. तुम्ही तुमची खोली घ्या. हे दार आम्ही बुजवून देतो, आमच्या खर्चाने. बाकीचं घर हॉटेलला. चालेल ना, मिस्टर स्पर्वे?"

"उत्तम," मिस्टर स्पर्वे म्हणाले. "त्या खोलीविना सहा नंबर स्वच्छ आहे. रेघेपासून रेघेपर्यंत."

"बघा! सगळ्यांचं भलं झालं."

सगळ्यांचं झालं खरं. लायनेल मान खाली घालून उभा होता, पण त्याचे खांदे सैल पडले होते. ऑलिव्हने गादीची कड धरली. सकाळी तिचं घर जाणार होतं. आता घर तर जाणारच होतं, वर खोलीही गेली होती, आणि ज्यांनी तिला लहानपणी वाचवलं त्यांच्याच हाती गेली होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाविरुद्ध करायची? तिने मनातल्या मनात ट्रंकेत काय मावेल ते बघायला सुरुवात केली.

"खोली तर मी घेणारच आहे," काकू म्हणाल्या. "सोडते कशी? पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. बरी होईपर्यंत, असं म्हटलं होतं मी. बरी झाली, असं मला आजवर कुणी कळवलेलं नाही."

"काकू, अहो, ती बावन्न वर्षांची आहे," म्युरिअल म्हणाली.

"वय विचारलं नाही मी." काकूंनी काठी उचलली आणि आल्यापासून पहिल्यांदा ऑलिव्हकडे सरळ बघितलं. डोळे पाणावलेले होते, पण ते म्हातारपणामुळेही असेल. "काय गं? बरी झालीस का?"

ऑलिव्हला आधी प्रश्नच कळला नाही. घटसर्प? तो केव्हाच गेला. तिने तोंड उघडलं, कारण खरं बोलायची तिला सवय होती, आणि बंद केलं. लायनेल डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होता. खोल चौकटीतून सहा नंबरचा जिना दिसत होता, आणि आईच्या खोलीचं बंद दार. पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवलेल्या फळ्या होत्या, कानाच्या उंचीवर जरा मळलेल्या. काकू वाट बघत होत्या. त्यांना घाई नव्हती.

"नाही, काकू," ऑलिव्ह म्हणाली. मग तिने जरा मोठ्याने म्हटलं, "अजून नाही."

"वाटलंच मला. रात्रीची खोकतेस." काकू काठी टेकत उठल्या आणि मिस्टर स्पर्वेंकडे वळल्या. "ऐकलंत? पोरीला हलवायचं नाही. हे इकडचं भगदाड बुजवा, चांगल्या दोन विटांनी, आणि माझ्या बाजूच्या त्या फळ्या काढा. पलंग आहे तिथेच राहू द्या."

मग चौकटीत पोचल्यावर त्या थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "आणि यापुढे बातम्या बाहेर येऊन ऐकायच्या. तुझ्यासाठी आवाज मोठा ठेवून ठेवून माझे कान गेले."